राणी मुंगी म्हणून वाळवीचा फोटो छापलात, त्याबद्दल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत घरात मुंग्या पाळायच्या छंदावर अर्धं पान आलंय, ते मी चहा गार होईपर्यंत दोनदा वाचलं. बरं वाटलं. चार वर्षं मी हेच करतेय आणि आमच्या कोथरूडच्या सोसायटीत आत्तापर्यंत ह्याला ‘काकूंचं रिटायरमेंटनंतर जरा हे झालंय’ एवढंच म्हणायचे, आता पेपरात आलं म्हणजे तेच लोक जिन्यात थांबवून विचारणार. पण मग फोटोकडे नजर गेली. खाली लिहिलंय राणी मुंगी आणि वर फोटो आहे वाळवीचा. चक्क वाळवीचा हो! पहिल्या पावसात ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालते आणि सकाळी जिच्या पंखांचा केर सुपलीनं भरावा लागतो तीच ती. आता तुमचा लेख वाचून एखाद्या उत्साही पोरानं जूनमध्ये ती पकडली, ती जोडीनंच सापडते म्हणून दोन्ही उचलल्या, बाटलीत घालून आईच्या लाकडी कपाटात अंधारात ठेवून दिल्या, तर पुढचं पत्र तुम्हाला त्या मुलाच्या आईकडून येईल आणि त्यात स.न.वि.वि. नसेल.

ओळखायला काही अवघड नाहीये. वाळवीचे चारही पंख एका मापाचे असतात, अंगापेक्षा बरेच लांब, आणि तिला कंबर म्हणून नसतेच, सरळ नळकांडं. मुंगीची कंबर दोऱ्यानं आवळल्यासारखी बारीक, पुढचे दोन पंख मोठे मागचे दोन लहान, आणि मिशा कोपरात वाकवल्यासारख्या. वाळवीच्या मिशा सरळ, बारीक मण्यांच्या माळेसारख्या दिसतात. नात्यानंसुद्धा ती मुंगीची कोणी लागत नाही, झुरळाच्या घराण्यातली आहे, मुंगी गांधीलमाशी आणि मधमाशीच्या. इंग्रजीतही वाळवीला पांढरी मुंगी म्हणायची पद्धत आहे तिथून हा घोटाळा झाला असावा. आपण तरी काय, नागपंचमीला ज्या वारुळाची पूजा करतो ते बांधलेलं असतं वाळवीनं, दूध ठेवतो नागापुढे, आणि शाळेत निबंधात लिहितो की मुंग्या वारूळ बांधतात!

आता मी कोण ते सांगते, नाहीतर म्हणाल ह्या बाई कुठल्या तज्ज्ञ. तज्ज्ञ नाहीच मी. एका कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ३१ वर्षं असिस्टंट होते, मुलांनी फोडलेल्या टेस्ट ट्यूबांचा हिशेब ठेवणं हे काम. रिटायर होताना घरी काय आणलं तर सोळा बाय दीडशे मिलिमीटरच्या दोन डझन ट्यूबा (विकत घेतलेल्या, पेठेतल्या दुकानातून, पावती आहे). कशाला आणल्या मलाच माहीत नव्हतं, सवय. आणि मग त्याच जूनमध्ये एका संध्याकाळी वळवाचा झक्कास पाऊस होऊन गेला, लाइट गेलेले, नात आणि मी जिन्यात बसलो होतो, तर पायरीवरून एक भला मोठा काळा डोंगळा चालत होता, नेहमीच्या डोंगळ्याच्या दीडपट, पोट लांबुळकं, पाठ फुगीर, आणि सारखा इकडून तिकडे कोपरे हुंगत हिंडत होता. बाजूला चार पंख पडलेले. नात म्हणाली आजी हिचे पंख कोणी तोडले? मी म्हटलं तिचे तिनेच. एवढं मला माहीत होतं, कुठेतरी वाचलं होतं. नातीचा काही विश्वास बसला नाही. मग म्हटलं चल ठेवून बघू.

तर ही झाली आमची पहिली राणी. कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस असं तिचं शास्त्रीय नाव, म्हणजे आपला अंगणातला, झाडाच्या बुंध्यावर रांगेनं चढणारा साधा काळा डोंगळा. चावतो जोरात पण ह्याला नांगी नसते. पुण्यात मिळायला सगळ्यात सोपी आणि नवशिक्यानं पाळायला सगळ्यात बरी जात हीच, असं माझं मत आहे.

तुमच्या लेखात हे सगळं करायला काय काय सामान लागतं त्याची मोठी यादी होती, अ‍ॅक्रिलिकचं घर, तापमान मोजायचं यंत्र, खास खाद्य. अहो सुरुवातीला यातलं काहीही लागत नाही. एक टेस्ट ट्यूब घ्यायची, तिच्यात तिसरा हिस्सा पाणी भरायचं, मेडिकलमधल्या कापसाचा बोळा आत सरकवून पाण्याला टेकेल असा घट्ट बसवायचा, म्हणजे बोळा ओला राहतो पण पाणी येत नाही, पुढच्या मोकळ्या जागेत राणीला सोडायचं आणि तोंडाला दुसरा कोरडा बोळा. झालं. अंधारात ठेवायचं आणि विसरून जायचं. हे विसरून जाणं जे आहे ना तेच लोकांना जमत नाही, मलाही नाही जमलं, पहिले आठ दिवस मी रोज दूध तापवायला गेल्यासारखी सकाळ संध्याकाळ कपाट उघडून बघत होते.

नातीचं एकच पालुपद, आजी तिला भूक लागली असेल. आणि मला ते समजावताना जे सापडलं ते इतकं भारी होतं की मी ह्यांना झोपेतून उठवून सांगितलं. ती राणी खातच नाही काही. तिनं आयुष्यात एकदाच उड्डाण करायचं असतं, त्या एका संध्याकाळी नरांशी मीलन होतं, ते बीज ती पोटातल्या एका पिशवीत आयुष्यभर पुरवून वापरते, नंतर पंख टाकून देते आणि उडायला लागणारे जे पाठीतले दांडगे स्नायू, ज्यांनी तिची पाठ फुगलेली असते, ते आता लागणार नाहीत म्हणून अंगातल्या अंगात विरघळवून त्यावर स्वतः जगते आणि पहिल्या अळ्यांना भरवते. दारं लावून घेतलेली बाळंतीण, दुसरं काय. आमच्या डायरीत आहे, चौथ्या दिवशी दोन अंडी, मग सात, मग अळ्या, मग पिवळट कोष, आणि ४३व्या दिवशी पहिली कामकरी मुंगी बाहेर आली. एवढीशी! डोंगळ्याची पोर वाटूच नये. पहिल्या खेपेच्या अशाच निघतात, कारण बिचारीकडे शिदोरीच तेवढी. पुढच्या वर्षभरात मग मोठ्या डोक्याच्या दणकट येऊ लागतात.

आता खरं सांगायचं तर त्या वर्षी मी तीन राण्या ठेवल्या होत्या, यशस्वी एक झाली. एक अशीच पंधरा दिवसांत मेली, तिचं मीलन झालेलं नसावं किंवा काय ते. आणि तिसरीनं अंडी खाल्ली. सगळी. घाबरली, हादरे बसले, सारखा उजेड पडला की राण्या अंडी खाऊन टाकतात, त्यांच्या बाजूनं तो हिशेबच असतो, ह्या जागेत पोरं वाढणार नाहीत तर निदान अन्न वाया जायला नको. माझा संशय ढोलावर आहे. जुलैपासून आमच्या मागच्या मैदानात पथकाचा सराव सुरू होतो, आमच्या कपाटाची काच थरथरते तर ट्यूबेतल्या पाण्याचं काय होत असेल. मी पथकाविरुद्ध नाही बरं का, आमचा मुलगा दहा वर्षं ताशा वाजवायचा. पण आता जुलै लागला की ट्यूबा मैदानाच्या बाजूच्या खोलीतून हलवून आतल्या खोलीत माठाच्या तिवईखाली ठेवते, फोमच्या तुकड्यावर. तिथे गारही राहतं. फ्रीजवर, मिक्सरजवळ, वॉशिंग मशीनवर कधीच ठेवू नये, लेखातल्या फोटोत ते काचेचं घर मायक्रोवेव्हवर ठेवलेलं दिसत होतं म्हणून सांगितलं.

खाण्याचं म्हणाल तर कामकरी आल्यावर मग द्यायचं. साखरेच्या पाण्याचा नाहीतर मधाचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब मोठ्यांसाठी, आणि अळ्यांसाठी प्रोटीन म्हणजे किडा. मोठ्या मुंग्यांना घन पदार्थ गिळताच येत नाही, त्या नुसता रस ओढतात, एका वेगळ्या पोटात साठवतात आणि घरी येऊन तोंडाला तोंड लावून बाकीच्यांना वाटतात, म्हणजे एकीनं मध खाल्ला तर संध्याकाळपर्यंत सगळ्या पंगतीला पोचतो. एकदा नातीच्या हट्टानं मी मधात केशर... नको, ते सांगत नाही, ते फसलं होतं. किडा कुठला? घरातलं झुरळ देऊ नका, त्यानं शेजाऱ्यांकडचा स्प्रे खाल्लेला असतो आणि त्यासकट तो तुमच्या मुंग्यांच्या पोटात जातो, आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाची अख्खी कॉलनी, म्हणजे राणीसकट मुंग्यांची सगळी वस्ती, दोन दिवसांत गेली ती अशीच. माझा उपाय मच्छर मारायच्या बॅटनं मारलेला डास. विष नाही, आयता भाजलेला, आणि पुण्यात जुलै ते नोव्हेंबर तुटवडा पडत नाही. अळ्यांच्या घोळक्यात अर्धा डास ठेवला की त्या माना लांब करून चारी बाजूनं तुटून पडतात, बघत राहावं. आणि तुमच्या फोटोतली ती वाळवी, तिचा खरा उपयोग इथे आहे, एक उडती वाळवी म्हणजे लहान कॉलनीला आठवडाभराची दिवाळी.

बघायचं असेल तर ट्यूबेला लाल जिलेटीन पेपर गुंडाळायचा, मुंग्यांना लाल रंग नीट दिसत नाही, त्यांना वाटतं अंधारच आहे आणि आपल्याला सगळं दिसतं. स्टेशनरीच्या दुकानात दहा रुपयाला मिळतो, राखीच्या सुमारास जरा महाग.

ह्या लाल कागदानंच एकदा माझी फजिती केली. दुसऱ्या वर्षी मुंग्या शंभराच्या पुढे गेल्यावर त्यांना एक पसरट डबा केला होता, झाकण उघडं, आणि तो डबा पाण्याच्या परातीत, आपण दुधाचं पातेलं ठेवतो तसा. वर डब्याच्या आतल्या कडेला स्पिरिटमध्ये कालवलेली टाल्कम पावडर फासली होती, त्यावरून त्यांचे पाय घसरतात. पण पावसाळ्यात ती पावडर ओल धरते आणि मग कसलं घसरतंय, आणि कागदाचं एक टोक सुटून भिंतीला टेकलं होतं, म्हणजे मी त्यांना पूलच बांधून दिला. सकाळी देवापुढच्या पेढ्यावर काळी रांग. ह्यांनी ताबडतोब कीटकनाशकाचा तो पांढरा खडू काढला. मी आडवी पडले शब्दशः! खडूत औषध असतं, त्यावरून चाललेली मुंगी घरी जाऊन मरते. टॉर्च घेऊन रांगेमागे गेले तर काय, पळून कुठेच चालल्या नव्हत्या, पेढा घेऊन भिंतीवरून, कागदावरून, गुपचूप परत डब्यातच जात होत्या. मी पेढ्याचा तुकडा डब्यात टाकला आणि तासाभरानं सगळ्या आत आल्यावर कागद कापला. ह्यांनी नवीन पेढे आणले, बोलले मात्र दोन दिवस नाही.

ही परातीची युक्ती चालत नाही हे पुण्यात दोनशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं आहे, हे मला नंतर कळलं आणि जरा बरं वाटलं. कंपनी सरकारच्या काळात साइक्स नावाचा एक लष्करी अधिकारी दख्खनची मोजणी, आकडेवारी गोळा करायला होता, त्याला पक्षी प्राणी किडे सगळ्याचा नाद. तो पुण्यात राहायचा तेव्हा जेवणानंतरची फळं, केक, मुरंबे व्हरांड्यात एका छोट्या टेबलावर ठेवलेले असायचे, टेबलाचे चारी पाय पाण्याच्या वाडग्यात, टेबल भिंतीपासून इंचभर लांब. तरी मुंग्या गोडावर हजर. आधी पाणी ओलांडून आल्या, मग त्यानं पायांना टर्पेंटाइन लावलं, तरी येतातच. शेवटी त्यानं पाळत ठेवली तेव्हा दिसलं की मुंगी भिंतीवर टेबलाच्या फूटभर वर चढते आणि तिथून स्वतःला टेबलावर टाकून देते. पॅराशूटशिवाय! हे त्यानं १८३५ मध्ये लंडनमध्ये छापलं. त्याच लेखात अजून एक आहे, पुण्यातल्या परेडच्या मैदानाजवळ सकाळी फिरताना त्याला गवताच्या बियांचे मूठ मूठभर ढीग दिसले, आणि शेकडो बारीक मुंग्या खालच्या कोठारातून बिया वर आणून टाकत होत्या. पावसात धान्य भिजलं, पहिलं ऊन पडल्याबरोबर वाळत घातलं. आपण नाही का गच्चीत गहू घालत. त्या मुंगीचं नाव त्यानं प्रोव्हिडेन्स ठेवलं, म्हणजे पुढची तरतूद करणारी, आणि तिच्या शास्त्रीय नावात ते आजपर्यंत आहे. पुण्याच्या नावावर काय काय जमा आहे ते सांगताना आपण पेशवे आणि मिसळीवर थांबतो, ही मुंगी कोणाच्या खिजगणतीत नसते, मी सकाळच्या वॉकला बायकांना सांगितलं तर एकीनं विचारलं मग ती चावते का.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी खरंतर हे पत्र आहे, फोटोचं तर ओघात आलं. तुमच्या लेखाच्या खाली चौकट होती, त्यात लिहिलंय की राणीसकट तयार कॉलनी ऑनलाइन मागवा, कुरियरनं घरपोच येते, आणि परदेशी रंगीत जातीही मिळतात. हे छापायला नको होतं. माझा भाचा हिंजवडीला असतो, त्यानं माझं बघून अशीच एक कॉलनी मागवली, अडीच हजार मोजले, एप्रिलच्या उन्हात तीन दिवस डबा गाडीतून फिरत आला आणि आत सगळं संपलेलं. विकणाऱ्यानं दुसरी पाठवली. त्यात राणीच नव्हती, नुसत्या पंधरा कामकऱ्या. राणी नसली की नवीन अंडी नाहीत, आहेत त्या काही महिन्यांत एकेक करून जातात आणि माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. अमेरिकेत मुलांसाठी काचेतली मुंग्यांची शेतं १९५६ पासून विकतात, त्यातही राणी नसायची, पण तिथे त्याला कारण होतं, राणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवायला सरकारी परवाना लागतो.

असा परवाना का लागतो ते ज्याला विचारायचंय त्यानं ख्रिसमस आयलंड बघावं. हिंदी महासागरातलं बेट, तिथले लाल खेकडे प्रसिद्ध, लाखोंनी रस्ता ओलांडतात ते. तिथे पिवळी क्रेझी अँट म्हणतात ती बाहेरची मुंगी जहाजांमधून पोचली आणि कोटीच्या वर खेकडे मेले, जंगलाची खालची सगळी रचनाच बदलली. मुंगी एवढीशी, चार मिलिमीटर. आणि तुम्ही चौकटीत लिहिता रंगीत जाती! घरात पाळलेलं कुत्रं पळालं तर एक कुत्रं पळतं, कुरियरनं आलेल्या परक्या जातीची राणी गॅलरीतून पडली तर तुम्ही परत काहीही करू शकत नाही. परवानगीशिवाय बाहेरून जिवंत किडे मागवणं कायद्यातही बसत नाही, पण कायद्याचं सोडा, आपल्याकडे कायदा म्हटलं की लोक हेल्मेट डिकीत ठेवतात.

दुसऱ्या टोकाला काय चालतं तेही बघा. २०२५ च्या एप्रिलमध्ये केनियात नैवाशा गावात बेल्जियमची दोन पोरं पकडली, एकोणीस वर्षांची, त्यांच्या खोलीत टेस्ट ट्यूबा निघाल्या दोन हजारांच्या वर आणि त्यात सुमारे पाच हजार राण्या, मेसर सेफॅलोटिस नावाच्या दाणे गोळा करणाऱ्या मोठ्या आफ्रिकन मुंग्यांच्या. तोंडाला कापसाचे बोळे, अगदी माझ्यासारखे, बातमीतला फोटो बघून माझ्या पोटात गोळा आला. मे महिन्यात कोर्टानं दहा लाख शिलिंग दंड नाहीतर बारा महिने कैद सांगितली. आणि पाच हजार राण्या म्हणजे पाच हजार मुंग्या असं धरू नका, एकेक राणी म्हणजे न झालेलं एक अख्खं गाव. हा सगळा बाजार कशावर चालतो? कोणीतरी युरोपात बसून ‘घरपोच’ वर बोट दाबतं त्यावर. उद्या कोणी वेताळ टेकडीवर तेच करेल.

करेल कशाला, गेल्या रविवारी संध्याकाळीच दोन मुलं टेकडीवर खुरपं घेऊन डोंगळ्यांचं बीळ उकरताना मला भेटली. तुमचाच लेख वाचून, मी विचारलं. मी काही ओरडले नाही, बसले त्यांच्याबरोबर. बीळ उकरून राणी मिळत नाही, ती खूप खाली असते, आणि मिळाली तर वर सगळ्या पोरी अनाथ. शिवाय तशी उचललेली राणी बहुतेक जगत नाही. त्यापेक्षा पावसाची वाट बघायची. पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींनंतरच्या दमट संध्याकाळी, वारा पडलेला असताना, जिन्यातल्या दिव्याखाली, पार्किंगमध्ये, कंपाउंडच्या भिंतीशी बघायचं, पंख टाकलेली एकटी फिरणारी मोठी मुंगी शोधायची. ही उचलल्यानं कोणाचं नुकसान नाही, कारण त्या रात्री उडालेल्या शंभर राण्यांतल्या जवळपास सगळ्या सकाळपर्यंत पाल, बेडूक, साळुंक्या आणि आमच्या सोसायटीच्या गाड्यांच्या टायरखाली जातात. पंख असलेली उचलायची घाई नको, तिचं अजून काही ठरलेलं नसतं. मुंगीला पंख फुटले म्हणजे मरण जवळ आलं असं आपण म्हणतो ते नरांच्या बाबतीत तंतोतंत आहे, ते बिचारे त्याच दिवशी दोन दिवसांत संपतात.

आणि समजा दोन वर्षांनी कंटाळा आला, बदली झाली, तर जिथनं उचलली तिथेच अंगणात सोडता येते, गावचीच आहे ती. कुरियरवाल्या मुंगीचं काय करणार? मी भाच्याला हे विचारलं तर म्हणाला संडासात... जाऊ दे.

एक गोष्ट मात्र तुमच्या लेखात असायला हवी होती. ही जबाबदारी किती वर्षांची आहे ते कोणी सांगत नाही. कामकऱ्या येतात जातात, राणी राहते. युरोपातल्या साध्या काळ्या बागेतल्या मुंगीची एक राणी माणसाच्या देखरेखीत जवळपास २९ वर्षं जगल्याची नोंद आहे. डोंगळ्याची इतकी जगेल असं मी म्हणत नाही, पण मी आता ६२ ची आहे आणि आमची जिन्यातली राणी चारची, तर हे मला परवा गंभीरपणे विचारत होते की तुझ्यामागे हिचं कोणी बघायचं. नातीनं लिहून दिलंय. दहा वर्षांची आहे, सही पण केलीये, डायरीत चिकटवली आहे. ह्यांनी साक्षीदार म्हणून खाली सही केली, खडूवाल्या हातानं.

सोसायटीचं पण एक गाऱ्हाणं आहे, थोडक्यात सांगते. आमच्याकडे दरवर्षी पेस्ट कंट्रोलवाला नेमका जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि कंपाउंडच्या कडेनं, झाडांच्या बुंध्याशी सरसकट फवारून जातो. स्वयंपाकघरात ज्या बारीक पिवळ्या मुंग्या त्रास देतात त्या बाहेर नसतातच, त्या भिंतींच्या फटीत असतात, त्यांच्यात राण्या अनेक असतात आणि नुसतं फवारलं की एका वस्तीच्या चार होतात, म्हणजे औषध मारून त्या वाढतात आणि बाहेर झाडावरचे डोंगळे मरतात ज्यांनी कोणाचं काही खाल्लेलं नाही (तो पेढा सोडून). मीटिंगमध्ये मी बोलले, सेक्रेटरी म्हणाले काकू अजेंड्यावर नाही. तेव्हा मी जिन्यात पाटी लावली आहे: ‘येथे पावसाळ्यात राण्या उतरतात. पाय बघून टाकावा. फवारणी करणाऱ्याने आधी दुसऱ्या मजल्यावर येऊन चहा प्यावा व मग काय ते ठरवावे.’ दोन वर्षं झाली, पहिल्या वर्षी तो आलाच नाही चहाला, गेल्या वर्षी आला, ट्यूब हातात घेऊन अर्धा तास बघत बसला आणि झाडांचे बुंधे सोडून फवारलं. ह्या वर्षी स्वतःच फोन करून विचारलंन की कधी येऊ.

तर विनंती एवढीच की फोटोची दुरुस्ती आणि त्या चौकटीची दुरुस्ती दोन्ही छापा, आतल्या पानात कोपऱ्यात नको, लेख जिथे होता तिथेच. राणीचा चांगला फोटो हवा असेल तर माझ्याकडे आहे, नातीनं मोबाइलवर काढलाय, कंबर आणि वाकलेल्या मिशा स्पष्ट दिसतात. फक्त जूनच्या आधी छापा, एकदा पाऊस पडून गेला की मुलं ट्यूबलाइटखाली वाळवी गोळा करायला लागतील आणि मग दुरुस्ती येऊन काही उपयोग नाही.

आपली,
एक जुनी वाचक (आणि तीन कॉलन्यांची आजी)
कोथरूड, पुणे